सोळा वर्षांचं आंबवण

आई शिलाँगला गेली त्या दिवशी तिने माझ्या हवाली तीन गोष्टी केल्या. घराची दुसरी किल्ली, गॅस सिलिंडरचं पुस्तक आणि आंबवणाची बरणी. किल्ली मी पहिल्याच महिन्यात हरवली, पुस्तक बाबांनी गुपचूप आपल्या कपाटात नेऊन ठेवलं, आणि बरणी तेवढी माझ्याकडे राहिली. ती काचेची होती, पूर्वी लोणच्याची, झाकण सैल झालेलं. आत जे होतं ते पाहून पाहुणे नाक मुरडायचे. घट्टसर, करड्या रंगाचं, वर बुडबुडे आलेलं पीठ. झाकण काढलं की ताकासारखा आंबूस वास यायचा आणि त्याच्या मागून पिकलेल्या सफरचंदाचा थोडा. आमच्या घरातल्या आंबोळ्या या बरणीच्या जिवावर व्हायच्या. दर रविवारी, न चुकता, मी जन्मलो त्या हिवाळ्यापासून.

आई मालवणकडची. तिकडे आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी आपोआप फुगून भांड्याबाहेर डोकावतं, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. लग्न होऊन ती गाझियाबादला आली आणि पहिल्याच थंडीत तिची फजिती झाली. सकाळी पीठ होतं तसंच, थंडगार आणि गप्प. त्याच थंडीत माझा जन्म झाला. मी रात्रंदिवस रडायचो म्हणे, त्यामुळे तिला झोप नव्हती आणि वेळच वेळ होता. तिने मूठभर कणीक पाण्यात कालवून बरणीत ठेवली, रोज त्यातली थोडी काढून नवी थोडी घालत गेली, आणि तीन आठवड्यांनी ते एकदाचं फसफसलं. तेव्हापासून तांदळाच्या आणि उडदाच्या पिठात पळीभर आंबवण घातलं की आंबोळीला जाळी पडणारच. बरणी आणि मी एकाच वयाचे, हे ती येईल त्याला सांगायची. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांसमोर तर खास. दोघांनाही वेळेवर खायला घालावं लागतं, फक्त बरणी उलटून बोलत नाही, असं म्हणून ती हसायची आणि मी दाराआड उभा राहून धुमसायचो.

आई केंद्र सरकारच्या एका कचेरीत होती आणि बाबा दुसऱ्या कचेरीत. तिला बढती मिळाली आणि बढतीबरोबर दोन वर्षांची बदली, तीही थेट शिलाँगला. बढती नाकारायची की नाही यावर आमच्या घरात फारशी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. निदान माझ्यासमोर झाली नाही. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, जाऊ दे तिला, अठरा वर्षांनी मिळतंय. माझं बारावीचं वर्ष होतं, म्हणून मी इथेच राहायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे आजही सांगता येत नाही. बहुधा फुशारकीने म्हणालो असतो की राहीन की, त्यात काय. त्या वयात माझ्याकडे फुशारकी भरपूर होती.

जाण्याआधी तिने एका फुलस्केप कागदावर बरणीचं सगळं लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवलं. रोज सकाळी निम्मं काढायचं, एक मूठ कणीक, तेवढंच पाणी, लाकडी चमच्याने ढवळायचं, झाकण घट्ट लावायचं नाही. उन्हाळ्यात दोनदा. पावसाळ्यात वर पांढरट आलं तर घाबरायचं नाही, ढवळून टाकायचं. शनिवारी रात्री किती पळ्या घ्यायच्या, मेथीदाणे किती, मीठ सकाळीच का. तिचं अक्षर सुरेख होतं आणि शेवटी तिने अधोरेखित करून लिहिलं होतं, 'मी येईपर्यंत सांभाळ.' त्या कागदावर हिवाळ्याविषयी काहीच नव्हतं. दिवाळीला ती येणारच होती, तेव्हा समोर बसून सांगणार असेल, किंवा सोळा हिवाळे तिने जे केलं ते हातांनी इतक्या सवयीने केलं असेल की सांगायचं असतं हे तिला सुचलंच नसेल. दिवाळीला तिच्या हाताखालचा माणूस आजारी पडला आणि तिची रजा हुकली.

दोन पुरुषांचं घर कसं असतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. बाबा सकाळी पावणेआठला चार्टर्ड बस पकडायचे आणि संध्याकाळी साडेसातला परत यायचे. त्यांच्या बुटांचा जिन्यावरचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावरून ओळखू यायचा. वर येऊन ते बूट काढायचे, पाणी प्यायचे, 'अभ्यास झाला?' विचारायचे आणि 'हो' ऐकून बातम्या लावायचे. मुळातच ते कमी बोलणारे. आई असताना ती दोघांच्या वाटचं बोलायची म्हणून ते जाणवलं नव्हतं. वरण-भाताचा कुकर मी लावायचो. भाजी ते रविवारी एकदम आठवड्याची करायचे, आणि ती गुरुवारपर्यंत पुरवताना बटाट्याचंच राज्य यायचं. पोळ्या आम्हा दोघांनाही जमेनात. मग खालच्या मार्केटमधल्या तंदूरवरून रोट्या आणायचा शिरस्ता पडला. समोरासमोर बसून जेवताना चमच्याचा आवाज इतका स्पष्ट यायचा, की मी तो मुद्दाम जोरात आपटायला लागलो. बाबांनी तेही कधी टोकलं नाही.

शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली तसा मी दिवसभर घरात एकटा. मित्र सगळे क्लासेसना दिल्लीत जायचे. माझ्या सोबतीला होते ते आवाज: सकाळी भाजीवाल्याची हाळी, समोरच्या ब्लॉकमधल्या कुकरच्या शिट्ट्या, दुपारी गादी पिंजणाऱ्याची तार, आणि पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की चौकीदाराच्या नावाने होणारा शिमगा. मी बरणीशी बोलायचो, हे कबूल करायला आता हरकत नाही. 'काय, आज काय विचार?' असं म्हणून झाकण उघडायचो. ती वर आलेली असायची, बाजूच्या काचेवर बुडबुड्यांची नक्षी असायची. त्या घरात मी केलेल्या कामाचा परिणाम दिसणारी तीच एक गोष्ट होती. गणितं सोडवली तर ती सुटली की नाही हे मार्चमध्ये कळणार होतं. बरणी चार तासांत सांगायची.

रविवारी मी आंबोळ्या करायचो. बिडाचा तवा तापवायचा, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि त्याने तवा पुसायचा, पळीभर पीठ मधोमध ओतून हलक्या हाताने फिरवायचं, झाकण ठेवायचं. चर्र आवाज येतो, मग तो मंदावतो, आणि मंदावला की समजायचं झाली. पहिली चिकटायची. ती मी उभ्या उभ्याच गिळायचो. बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून खायचे, सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ असली तर ठीक, नाहीतर गूळ आणि तूप. 'चांगल्या झाल्यात' एवढं म्हणायचे. दहा वाजता आईचा फोन यायचा. तेव्हा फोनवर चेहरे दिसत नसत आणि शिलाँगहून आवाजही तुटत तुटत यायचा. माझा अभ्यास, बाबांचं ब्लडप्रेशर, आणि मग हमखास, 'आंबवण कसं आहे?' मी सांगायचो, मस्त आहे. तेवढं ऐकलं की तिचा आवाज सैल व्हायचा. मला वाटायचं, हिला आमच्यापेक्षा बरणीचीच काळजी जास्त.

डिसेंबर संपता संपता धुकं उतरलं. खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसेनासा झाला, नळाचं पाणी हाताला चावायला लागलं, आणि बरणी मंदावली. आधी चार तासांचे आठ झाले, मग संध्याकाळपर्यंत दोनचार बुडबुडे. रविवारच्या आंबोळ्या चपट्या झाल्या, जाळी नावाला. बाबांनी त्याही 'चांगल्या झाल्यात' म्हणून खाल्ल्या. मी आईला फोनवर म्हणालो, मस्त आहे. खरं सांगून टाकलं असतं तर तिने एका वाक्यात उपाय सांगितला असता. पण एक तर मला शहाणपणा मिरवायचा होता, आणि दुसरं असं, की तिने सोपवलेल्या तीन गोष्टींपैकी दोन हातून गेल्या होत्या. या तिसरीचंही बिनसलंय, हे तोंडातून बाहेर काढायला मी तयार नव्हतो. त्यात प्री-बोर्ड आली. मधले चार दिवस मी बरणीकडे पाहिलंच नाही.

संक्रांतीला मंडळाची बस काला अंबला जाते, पानिपतच्या लढाईत पडलेल्यांना मानवंदना द्यायला. दरवर्षी आम्ही तिघं जायचो, त्या वर्षी बाबांनी दोघांची नावं दिली. धुक्यात तिथल्या स्मारकस्तंभाचं वरचं टोक दिसत नव्हतं. सगळे रांगेत उभे राहिले, घोषणा झाल्या, मग उन्हाच्या एका पट्ट्यात सतरंज्या टाकून गूळपोळी आणि तिळगूळ. बायका मला जवळ घेऊन घेऊन विचारत होत्या, आई कधी येणार रे, जेवायला कोण घालतं, किती वाळलास. माझ्या हातात इतका तिळगूळ जमला की खिसे चिकट झाले. बाबा एकटेच लांब, बसच्या चाकाला टेकून चहा पीत होते. माणसांच्या एवढ्या गर्दीत मला आईची आठवण घरात यायची त्याहून जास्त आली, आणि परतीच्या वाटेवर मी डोकं खिडकीला लावून झोपल्याचं सोंग घेतलं.

घरी येऊन बरणी उघडली तर वर बोटभर काळपट पाणी साचलं होतं. खालचं पीठ घट्ट बसून गेलेलं, आणि वास नेलपॉलिशसारखा, डोळ्यांत जाणारा. मी ढवळलं, कणीक घातली, सकाळपर्यंत वाट पाहिली. काहीच नाही. एक बुडबुडा नाही. आमच्याकडे पीठ एकदा फुगलं नाही की ते गेलं, असंच मी लहानपणापासून ऐकलं होतं. थंडीचं पीठ वेगळं असतं हे कोकणातल्या रक्ताला कुठून ठाऊक असणार. मी बरणी मोरीत उपडी केली. ते सहज निघेना, चमच्याने खरवडून काढावं लागलं. मग उकळतं पाणी ओतून, साबण लावून, ब्रशने कोपरे घासून मी ती लख्ख केली आणि बाल्कनीत उन्हाला पालथी घातली. हे सगळं मी फार शांतपणे केलं. नंतर खोलीत जाऊन फिजिक्सचं पुस्तक उघडलं आणि त्याच पानावर तासभर रडलो. सोळा वर्षं आईने जपलेली वस्तू माझ्या हाती पाच महिने टिकली होती.

त्या संध्याकाळी रोट्या आणायला खाली गेलो. तंदूर चालवणाऱ्या शकीलचाचांना मी रोज पाहत होतो, पण त्यांच्या कामाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. गर्दी होती, म्हणून मी बाजूला उभा राहिलो, आणि तिथे मला तो वास आला. आमच्या बरणीचा. अगदी तोच नाही, जरा गोडसर, पण त्याच कुळातला. तंदूरच्या कडेला जुन्या रजईच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक पातेलं होतं. मी विचारलं, हे काय. खमीर, ते म्हणाले, यावर रोटी फुगते. मी भडाभडा सगळं सांगितलं. हिंदीत सांगताना ते आणखीच मूर्खपणाचं वाटत होतं. काळं पाणी, वास, बुडबुडे नाहीत, सगळं.

चाचांचे हात थांबले. "फेंक दिया?"

"जी."

"अरे बेटा, सर्दी में ये ऐसे ही पड़ा रहता है. मरा थोड़े ही था. रजाई में रख देते, दो दिन में उठ जाता."

मला आठवलं, तेव्हाच, तिथे उभ्या उभ्या. हिवाळ्यात आमची बरणी ओट्यावर नसायचीच. ती माळ्याखालच्या कपाटात असायची, गोधड्यांमध्ये, आणि मी लहान असताना गोधडी ओढताना एकदा ती माझ्या अंगावर सांडली होती. आईने मला बदडलं होतं. इतकी वर्षं मला तो मार लक्षात राहिला होता आणि बरणी तिथे का होती हे लक्षात राहिलं नव्हतं. मी जिवंत वस्तू घासूनपुसून मोरीत घालवली होती. मेली म्हणून जेवढं रडलो होतो त्याहून हे वाईट होतं, आणि चारचौघांत रडता येत नव्हतं. चाचांनी पातेल्यातला लिंबाएवढा गोळा तोडला, पिशवीत घालून रोट्यांबरोबर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, यावरून सुरू कर, महिन्याभरात तुझ्या घरचं होऊन जाईल.

ते माझ्या घरचं व्हावं म्हणून मी काय काय केलं ते आज लिहितानाही हसू येतं. गोळा कोमट पाण्यात विरघळवला, आमची कणीक घालत गेलो, बरणी माझ्याच रजईत पायाशी घेऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी ती फसफसून वर आली. दिसायला हुबेहूब. चवीला मात्र नाही. चाचांच्या खमिरात मैदा होता, दूध होतं, ते सौम्य होतं. आमच्या आंबोळीला जिभेच्या कडेला जो झोंबरा आंबटपणा असायचा तो काही येईना. मी पीठ चार तास जास्त ठेवून पाहिलं, मेथी वाढवली, एकदा चमचाभर ताक घातलं. अभ्यासाच्या वेळात मी आईची चव खोटी करायला शिकत होतो. रविवारी फोनवर तिने विचारलं की मी आता सरळच खोटं बोलायचो. तिने एकदा विचारलं, थंडीत त्रास देत नाही ना रे? मी म्हणालो, नाही, गोधडीत ठेवतो ना. ती इतकी खूश झाली. म्हणाली, मी तुला सांगायलाच विसरले होते बघ, तुला आपलं आपण सुचलं.

आता माझी मुलगी नोएडातल्या कुठल्याशा कॅफेत आंबवलेल्या पिठाचे पॅनकेक खायला घेऊन जाते मला, वर मध आणि ब्लूबेरी. घरीही तिने एक बरणी सुरू केली आहे, तिला नाव ठेवलंय, फोनमध्ये तिच्या वाढीचे फोटो आहेत. मध्यंतरी तिची बरणी मेली, तर मैत्रिणीकडून अर्धी वाटी आणून तिने तीच पुढे चालू केली, तेच नाव. मी विचारलं, पण ही ती कुठे आहे? बाबा, इट्स द सेम थिंग, असं म्हणून ती आपल्या कामाला लागली. मला तिचा हेवा वाटला.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, बोर्डाच्या आधी, आई चार दिवसांसाठी आली. गुवाहाटीची गाडी पाच तास उशिरा पोहोचली. ती डब्यातून उतरली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही, केस कापले होते आणि अंगात एक भला मोठा मळकट हिरवा कोट होता. तिने माझ्या दंडाला धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. घरी पोहोचल्यावर हातपाय न धुता ती आधी स्वयंपाकघरात गेली आणि बरणी उघडली. मी दारात उभा होतो. माझे कान गरम झाले होते. तिने नाक बरणीत घातलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "गुणी आहेस रे."

दुसऱ्या दिवशी तिने आंबोळ्या केल्या. बाबांनी दोन दिवसांची रजा टाकली होती, तेही टेबलाशी. तिने स्वतःला वाढून घेतली, चटणी न लावता एक तुकडा तोंडात टाकला. सहा आठवडे मला या घासाची भीती होती. रात्री जागून मी उत्तरं तयार केली होती, पाणी बदललं, कणकीचा ब्रँड बदलला, काय काय. एकही लागलं नाही. ती खातच राहिली. मी विचारलं, बरोबर लागतंय? हो, म्हणाली. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, आंबट कमी नाही ना? नाही रे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती हसली.

"बिल्कुल तशीच आहे. किती विचारशील?"

मी सुटलो होतो. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला तिचा भयंकर राग आला. सहा महिन्यांत ही आपल्याच हाताची चव विसरली. मी तिला फसवायला इतका राबलो होतो, आणि आत कुठेतरी मला हवं होतं की तिने पहिल्याच घासाला थांबावं, माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, काय झालं ते सांग. मग मी मार खाल्ला असता, रडलो असतो, आणि ते तिथे संपलं असतं. आता ते संपणार नव्हतं. ती बरणी माझी नाही आणि तिचीही नाही, हे ठाऊक असलेला जगात मी एकटाच, असं मला वाटलं आणि मी ताट पुढे सारलं. उरलेले दिवस मी अभ्यासाचं निमित्त करून खोलीत राहिलो. ती दोनदा दारापर्यंत येऊन चहा ठेवून गेली. निघताना तिने स्टीलच्या डब्यात निम्मं आंबवण घेतलं, झाकण सैल ठेवून टॉवेलात गुंडाळलं आणि गाडीत ते मांडीवर घेऊन बसली. तिथे हॉस्टेलच्या खोलीत हिटरजवळ ठेवीन, म्हणाली. मी तिच्या पाया पडलो आणि तिच्याकडे न बघताच गाडीतून उतरलो.

स्टेशनवरून परतल्यावर बाबांनी सकाळच्या उरलेल्या दोन आंबोळ्या गरम केल्या, एक माझ्या ताटात टाकली. आम्ही नेहमीसारखे समोरासमोर. निम्मी संपल्यावर ते ताटाकडे बघतच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

"काय?"

"आंबवणाचं."

मी हात आवरता घेतला. त्यांना कधी कळलं, मी विचारलं. संक्रांतीनंतरच्या पहिल्याच रविवारी, ते म्हणाले. बाल्कनीत धुतलेली बरणी दिसली होती, आणि चव तर कळतेच, सोळा वर्षं खातोय. सुरुवातीला फारच सपक होतं, मग तू जास्त वेळ ठेवायला लागलास तसं सुधारलं. ताक घातलं ते मात्र चुकलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. प्रत्येक रविवार त्यांना माहीत होता. मी ओरडलोच, मग बोलला का नाहीत. दीड महिना मी एकटा हे घेऊन फिरतोय आणि तुम्ही समोर बसून चांगल्या झाल्यात, चांगल्या झाल्यात म्हणताय. बाबांचा चेहरा पडला. मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो.

"तू सांगशील, असं वाटायचं," ते म्हणाले. "दर रविवारी वाटायचं." मग ताट बाजूला सारून, "तिला तिथे दुसरं काय आहे रे. खोलीत एकटीच असते. संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो म्हणते."

आई एकटी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती गेली होती, आणि एकटे पडलो होतो ते आम्ही, म्हणजे खरं तर मी. बाबांनाही मी त्यात धरलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. बाबांना काय करावं ते कळेना. ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर एका जागी, जड, तसाच राहिला.

रविवारी दहाला फोन वाजला. आई म्हणाली, आज केल्या. स्टोव्हवर, हॉस्टेलच्या मावशींचा तवा मागून. फुगलं होतं छान. चार खाल्ल्या, कुणी नव्हतं बरोबर, खिडकीशी बसून खाल्ल्या. आवाज तुटत होता, तरी ती थांबली हे कळलं.

"अगदी घरच्यासारख्या झाल्या रे."

बाबा वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडे बघत होते.

"घरच्याच आहेत," मी म्हणालो.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. लाइन तुटली असं मला वाटलं. मग तिचा श्वास ऐकू आला, आणि ती काही बोलत नव्हती तरी मी फोन ठेवला नाही.